तिवाट्यावरचं गरम भूत

भूत पाहून आम्रपाली किंचाळली नाही. तिनं हातातला जवारीचा डबा त्याच्या डोक्यात हाणला.

डबा भरलेला होता. भूत "माय वो!" म्हणत गिरणीच्या पट्ट्याजवळ बसकण मारून बसलं, जवारी चहूकडं सांडली, आणि नेमकी तेवढ्यात गेलेली लाईट परत आली. बल्बच्या पिवळ्या उजेडात भुताच्या डोक्यातून पीठ गळत होतं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या... त्या सगळ्या पांढऱ्यात दोन काळेभोर डोळे तेवढे माणसाचे होते.

"मारता काहून वो मॅडम?"

"अंधारात असे पांढरे हून उभे काहून राह्यता मंग?"

"गिरणीत पीठ नाही उडन तं काय गुलाल उडन?"

ती हसणार नव्हती. पण हसू आलंच.

हा गिरणीवाल्या वामनरावांचा रोशन. सहा वर्षं पुण्यात होता. 'पोरगा कंपनीत मॅनेजर हाय' असं वामनराव पारावर बसून सांगायचे. पोरगा खरं म्हणजे हॉटेलात पिझ्झे भाजायचा. बापानं बोलावलं म्हणून परत आला, गिरणीवर बसला आणि पहिल्याच दिवशी खरं बोलून मोकळा झाला. गाव महिनाभर हसलं. 'भाकरीवर भाजी थापाले पगार देतेत काय बे पुण्यात?'

तो सांडलेली जवारी सुपात भरायला लागला, तशी तीही खाली बसली. दोघांचे हात एकाच ढिगात. त्यानं मान वर केली. पापणीवर पिठाचा एक कण लटकत होता. फुंकर मारावी... असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचा तिला असा धक्का बसला की ती अर्धी जवारी तिथंच टाकून उठली.

"मॅडम, तुमचा डबा!"

"उद्या नेतो!"

बोरखडीत अशा गोष्टी हसण्यावारी जात नसतात. ती बौद्धवाड्यातली, धर्मपाल ड्रायव्हरची पोरगी. तो वामनरावांचा. मधे एक तिवाटा होता, तीन वाटांचा. एक वाट गावात जायची, एक विहाराकडं, एक बंजाऱ्यांच्या तांड्यावर. पिठासाठी तो तिवाटा ओलांडला तर चालायचं. बाकी कशासाठी ओलांडला की गाव बोटं मोडायला बसायचं.

त्या सालची गोष्टच भलती होती. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. लोक फवारत सुटले. डोक्याएवढ्या कपाशीत पंप पाठीवर घेऊन माणूस शिरायचा, औषधाचा फवारा त्याच्याच तोंडावर परत यायचा. कोणी वांत्या करत बाहेर आला, कोणाला दिसेना झालं. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा कमी पडल्या. आणि बोरखडीनं अक्कल काय लढवली? 'गावावर काही तरी फिरून राह्यलं.' औषधाच्या डब्यावर कवटी छापलेली होती, खाली दोन हाडं. भूत डब्यावर बसलं होतं, आणि गाव त्याला पिंपळावर शोधत होतं.

तांड्यावरचा धावजी वामनरावांच्या कपाशीत फवारताना पडला. दवाखान्यात पडल्या पडल्या तो एकच सांगायचा, "सगळं पांढरं दिसते." त्याची पोरगी सोनी आम्रपालीच्या वर्गात यायची. हा वर्ग सरकारी नव्हे. आम्रपाली डी.एड. होऊन घरी बसलेली, नोकरीचा पत्ता नाही, म्हणून विहाराच्या आवारात संध्याकाळी पोरं गोळा करून शिकवायची. सगळ्या जातीची पोरं यायची. पण सर्वपित्री अवस जवळ आली तशी पोरं येईनात. घरून सांगितलं होतं, दिवेलागणीले बाहेर पडू नोका, धरते.

"कोन धरते?" तिनं उरलेल्या पोरांना विचारलं.

"मुंजा." "हडळ." "चकवा, ताई!"

ती भडकली. रागात माणूस भलतंच बोलतो, तसं ती बोलली. "भुताले भ्याचं नसते, पोरंहो. भुताले खायाचं असते! अवसेले या. आपुन भुतं बनवू आन् खाऊ."

शब्द तोंडातून गेला. आता भूत बनवायचं कसं? ती सरळ गिरणीत गेली.

"रोशनभाऊ, तुमच्या त्या पिझ्झ्यावर भूत बनवता येते काय?"

त्यानं पट्टा बंद केला. "भाऊ म्हणसान तं नाही येत."

"मंग काय म्हणू?"

"जवारीचा डबा हाणला तवा काय म्हणलं होतं मनात?"

"मेल्या."

"तेच म्हणा. बरं वाटते."

अवसेच्या आदल्या दुपारी लाईट नव्हती, गिरणी बंद होती. तो दिग्रसच्या बेकरीतून यीस्ट घेऊन आलेला. पीठ टम्म फुगलं होतं, पण तो डोक्याला हात लावून बसला. "ओव्हन कुठून आणू मॅडम?"

"सहा वर्षांत पुण्यानं एवढंही इसरवलं काय? पानगे कायच्यात भाजते तुमची माय?"

तो बघतच राहिला. मग गिरणीमागं गोवऱ्या पेटल्या. पळसाच्या पानावर तळहाताएवढं पीठ थापलं, त्यावर लसूण-मिरचीचं लाल टमाट्याचं वाटण, वर चीज. खाली निखारे, वर उलटं घमेलं, घमेल्यावर पुन्हा निखारे. पान करपल्याचा आणि चीज वितळल्याचा असा वास सुटला की दोघंही बोलायचे थांबले. पिझ्झा काढून गिरणीत आणला तेव्हा त्याच्या तळाला पळसाच्या पानाच्या शिरा उमटल्या होत्या.

"पुण्यात असा नाही बनला कधी..." तो हळूच म्हणाला. पण बघत होता तिच्याकडं.

तिनं घास तोडला. "मीठ कमी हाय."

"दाखवा."

त्यानं तिच्या हातातूनच तो घेतला, तिच्या दातांची खूण असलेला. ओठांजवळ नेला...

"रोशन!" बाहेरून आवाज आला. विमलताई. त्याची आई.

त्याचा हात खाली आला. पिझ्झा तराजूच्या ताटलीत गेला, आणि तो दोन पावलं मागं सरकला. विमलताई दारात आल्या. त्यांनी पोराला पाहिलं, पोरीला पाहिलं, ताटलीतला खाल्लेला तुकडा पाहिला. "भूक लागली असन तं घरी ये जेवाले," एवढं बोलून गेल्या.

आम्रपालीनं त्या तुकड्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"भुताले भेता काय तुम्ही?"

"नाही."

"मंग कोनाले भेता?"

तिनं ताटलीतला तुकडा उचलला आणि स्वतःच खाऊन टाकला. शिव्या तिनं लहानपणापासून ऐकल्या होत्या. कॉलेजात आडून ऐकल्या, गावात समोरून ऐकल्या. पण हे मागं सरलेलं दोन पावलं अंतर तिला जसं लागलं, तशी एकही शिवी लागली नव्हती.

पोरांना शब्द दिला नसता तर तिनं दुसऱ्या दिवशी त्याचं तोंडही बघितलं नसतं.

पण तो आला. पुसदहून आणलेलं चीज बर्फाच्या डब्यात घेऊन, भर दुपारी, विहाराच्या आवारात. गावात त्या दिवशी मेलेल्या बापांसाठी वडे तळले जात होते, कावळ्यांना हाका चालल्या होत्या. दवाखान्यातल्या जित्या धावजीला डबा पाठवायचं मात्र कोणाच्या ध्यानात नव्हतं. आणि विहारामागं पोरं भुतं थापत होती.

"ताई, माह्या हडळीचे केस जळले!"

"जळू दे. हडळीले कोन पाहाले येते?"

ढोबळ्या मिरचीचे केस, कांद्याच्या चकत्यांचे डोळे, काळ्या मनुकांची बुबुळं. एका पोरानं मिरचीची जाड मिशी लावली.

"हे कोनतं भूत बे?"

"वामनराव," पोरगं बोलून गेलं. सगळ्यांनी घाबरून रोशनकडं पाहिलं.

रोशननं भूत निरखून पाहिलं. "मिशी आनखीन जाड पायजे."

आवार हसून हसून आडवं झालं. त्या गडबडीत आम्रपालीचं बोट घमेल्याला लागलं. त्यानं झटकन ते बोट धरलं, फुंकर मारली. सोडलं मात्र नाही.

"काल... मी..."

"बोला."

"म्हंजे... माय आली तं..."

"बोला ना."

"...निखारे इझून राह्यले," तो म्हणाला, आणि गोवऱ्या सारायला गेला. भित्रा कुठचा!

सोनीनं आपल्या भुताच्या लाल वाटणावर नुसतं चीज लावलं. पांढरंधोप. मग रोशनजवळ येऊन म्हणाली, "मले मोठे डोये दे."

"एवढे मोठे?"

"याले सगळं दिसलं पायजे."

त्यानं सगळ्यात मोठ्या दोन चकत्या आणि सगळ्यात मोठे दोन मनुके दिले. दिवेलागण झाली, तशी बाकी पोरांनी आपापली भुतं कचाकचा खाल्ली. सोनीनं नाही खाल्लं. निखाऱ्यावरून निघालेलं भूत पानासकट ओढणीत झाकून घेतलं. "घरी नेतो," म्हणाली, आणि पळाली.

जरा वेळानं तिवाट्यावरून गावातल्या कांताबाईची किंकाळी आली.

"भूत! भूत व माय! वाफ निघून राह्यली त्याच्यातून!"

सगळं गाव धावलं. तिवाट्याच्या मधोमध पळसाच्या पानावर ते पांढरं भूत निजलेलं, दोन टपोरे डोळे वटारून. अंगातून लाल ओघळ. शेजारी एक लिंबू आणि चिमूटभर कुंकू. आणि खरंच, वाफ निघत होती. उतारा गावानं जन्मभर पाहिला होता. आजारी माणसावरून भात-लिंबू ओवाळून तिवाट्यावर टाकतात, त्याला पाय लागू नये म्हणून लांबून जातात. पण चेहरा असलेला उतारा? तोही गरम? बाया पदर तोंडात धरून उभ्या. कोणी पुढं होईना, कोणी घरी जाईना.

वामनरावांनी मोबाईलचा उजेड त्यावर टाकला. "पळसाचं पान हाय. विहारामांगं आज धूर कायचा होता?"

सगळ्या माना आम्रपालीकडं वळल्या.

"काका, पोराइचं खाणं हाय ते. पिझ्झा म्हणतेत."

"मंग निंबू-कुकू कायले? शिकली-सवरली तू, भूत नाही म्हणते, आन् अवसेले तिवाट्यावर करनी करते? तुह्यानंच आली कपाशीत अळी! तुह्यानंच मानसं पडून राह्यले!"

तिला हसावं की रडावं कळेना. तिच्या घरात देवसुद्धा नव्हता, भूत कुठून असणार? "सांगतो ना, पोराइनं बनवलं..."

"कोन्या पोरानं? नाव सांग!"

नाव सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तिला ते डोळे दिसले. सगळ्यात मोठ्या चकत्या, सगळ्यात मोठे मनुके. गर्दीच्या कडेला सोनीची आजी हंसाबाई उभी होती, आणि तिच्या घागऱ्यामागं सोनी लपली होती. आजीनं बापावरून उतारा टाकलेला पोरीनं पाहिला असणार. आता नाव निघालं की संपलं. धावजीची पोरगी करणी करते, म्हणूनच धावजी पडला. गावाला आयतंच पाहिजे होतं, आणि वामनरावांना तर फारच.

तिनं तोंड मिटलं.

"चूप काहून झाली? कोन होतं तुह्यासंगं? एकटीनं केलं काय?"

तिनं रोशनकडं पाहिलं. तो बापाच्या मागं उभा होता. स्वतःच्या चपला बघत.

ठीक आहे, तिच्या मनात आलं. राहा बाप्पा तिथंच.

ती वाकली आणि तिनं भूत उचललं.

"हात लावला व! हात लावला तिनं!" गर्दी अशी मागं हटली की दोघंतिघं नालीत गेले. आम्रपालीनं भुताचा एक डोळा सगळ्यांदेखत दातांनी तोडला. चावला. गिळला. तिवाट्यावर कुत्रं भुंकेना.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. आवाज कापत होता. भीतीनं नव्हे.

"दाखव."

तो आवाज जवळून आला. रोशन समोर उभा होता. 'दाखव' म्हणाला तो, 'दाखवा' नव्हे. त्यानं तिच्या हातातून ते भूत घेतलं आणि जिथं तिचे दात लागले होते बरोबर तिथंच तोंड लावलं. दुसरा डोळा त्याच्या पोटात गेला.

"आज बराबर हाय," तो म्हणाला.

"रोशन!" विमलताईंचा आवाज चिरला. "तिचं उष्टं..."

हे ऐकताच सगळी गर्दी शहारली. खरं सांगायचं तर बोरखडी भुताला एवढी भ्याली नव्हती. भूत परवडलं होतं. वामनरावांच्या पोरानं बौद्धवाड्यातल्या पोरीचं उष्टं खाल्लं, भर तिवाट्यावर, हे परवडणारं नव्हतं.

"हो, उष्टं," रोशन म्हणाला. "गोड लागते. बाबा, हे म्याच भाजलं तिच्यासंगं. चीज म्याच आणलं. आन् धावजीकाकाले कोन्या भुतानं धरलं नाही. आपल्या पंपानं धरलं. तोंडाले बांधाले आपुन फडकं नाही देल्लं त्याले. म्या पाहून राह्यलतो. मीबी चूप होतो."

वामनरावांचा हात उठला. थापड अशी वाजली की पिंपळावरचे बगळे उडाले. रोशन जागचा हलला नाही.

आणि त्या शांततेत सोनी घागऱ्यामागून बाहेर आली. रडत होती.

"डोये खाल्ले काय तुम्ही त्याचे?"

सोनीनं ओढणीनं नाक पुसलं.

"म्या देल्ते त्याले मोठे डोये. मंग त्यानं माह्या बाचे सोडले असते ना..."

आम्रपालीनं रोशनकडं पाहिलं. एक डोळा तिच्या पोटात, एक त्याच्या. आता कोणाची छाती होती करणी म्हणायची? कांताबाईनं पदर डोळ्याला लावला. हंसाबाई पुढं झाली, वाकून तिनं लिंबू उचललं. "माह्याच घरचं हाय हे," एवढंच म्हणाली, आणि नातीला पोटाशी धरलं.

वामनरावांनी मोबाईलचा उजेड बंद केला. अंधारात ते घराकडं गेले.

रोशन सोनीपुढं उकिडवा बसला. "सोने, उद्या पयल्या एसटीनं तुले तुह्या बापाकडं नेतो. ताईबी येईन." मग मान वर करून, जरा भीत भीत, "येशीन ना...?"

"सोनीसाठी येईन," आम्रपाली म्हणाली. पण थापड बसलेल्या त्याच्या गालावरून तिची नजर हटत नव्हती.

यवतमाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. कपाशी गेली ती गेलीच. वामनरावांनी पोराला घराचं दार बंद केलं, म्हणून रोशन गिरणीतच निजायचा. गाव आम्रपालीच्या वर्गाविषयी अजून कुजबुजायचं, पण पोरं यायला लागली होती. भूत पुन्हा कधी खायाचं म्हणून रोज विचारायची.

एका संध्याकाळी दवाखान्यातून परतताना ती गिरणीत शिरली. लाईट नव्हती. अंधारातून पांढरं काही तरी पुढं आलं. तिनं डबा उगारला.

"मारू नोको व! मीच हाय!"

"मालूम हाय. धावजीकाकाले आज सोनीची लाल रिबीन दिसली. धूसर, पन दिसली."

तो मटकन पोत्यावर बसला. तिनं डबा उघडला. आत भाकरी होती, ठेचा होता. तिनं भाकरीचा घास तोंडात घेतला आणि उरलेली त्याच्यापुढं धरली.

"खा."

त्यानं मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "आमू... लग्न करशीन काय माह्यासंगं?"

"आंधी तोंडातलं गिळ."

"गिळलं. आता?"

ती उत्तर देणारच होती. पण त्याच्या पापणीवर पिठाचा कण लटकत होता. पहिल्या दिवशी राहिलेलं ते काम... तिनं वाकून अलगद फुंकर मारली.

आणि लाईट आली.

दारात विमलताई उभ्या होत्या. हातात जेवणाचा डबा. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे! रोशन उठून उभा राहिला. पण या वेळी मागं सरला नाही.

विमलताईंनी पोराच्या हातातली अर्धी भाकर पाहिली. डबा तराजूच्या ताटलीत ठेवला. पदर सावरला.

"दोघांले पुरन एवढं हाय," त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, आणि जाता जाता उंबऱ्यावर थांबल्या.

"मीठ कमी असन तं सांगजा."